नव्या टाकीत हलवलेली टॅरांटुला काचेवरून खाली उतरत नाही (पावसाळा, ओल, माती, झाकण)

ऐरोलीकर_अष्टपद
रेड नी टॅरांटुला (मोठा केसाळ कोळी), ब्रॅकिपेल्मा हॅमोरी. मादी, पाय पसरून ११ सेंमी. जुना डबा २०×१५×१५ सेंमीचा. रविवारी संध्याकाळी ४५×३०×३० च्या काचेच्या टाकीत हलवली. तळाला ५ सेंमी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धी करवंटी, पाण्याची वाटी, वर जाळीचं झाकण. आज चौथा दिवस. दिवसरात्र वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून असते. उतरलीच तर पायांची फक्त टोकं टेकवते, अंग उचलून उभी राहते आणि पाच मिनिटांत परत वर. सोमवारी खायला दोन क्रिकेट (रातकिडे) टाकले, दोन्ही अजून फिरतायत. खोलीत २८ अंश, आर्द्रतेचा काटा ८९ वर. आजारी आहे का? परत जुन्या डब्यात टाकू?

कोळिष्टक
जुन्या डब्यात नको. आधी दोन्ही क्रिकेट चिमट्याने बाहेर काढा, आजच. मग मूठभर कोकोपीट घट्ट दाबा आणि पाणी निघतं का ते सांगा. जाळी कसली आहे?

ऐरोलीकर_अष्टपद
काढले क्रिकेट. धार नाही लागली, पण बोटांच्या फटीतून तीन-चार थेंब पडले. जाळी ॲल्युमिनियमची, डासांसाठी खिडकीला लावतात ती.

खाडीपलीकडे
मग आजारी नाही. जमीन तिला आवडलेली नाही, एवढंच.

टॅरांटुलाला पायांच्या टोकांनी चव-वास आणि ओल कळते. जमिनीवर तळवे सपाट टेकून, पाय सैल सोडून बसली तर समजा बरं चाललंय. टोकांवर उभी राहून पोट उचलून धरलं की खाली ओल जास्त आहे. हॅमोरी मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडची, हालिस्को-कोलिमा-मिचोआकान भागातली. पाऊस तिकडेही पडतो, पण वर्षाचे कितीतरी महिने कोरडे असतात आणि बिळाबाहेरची माती भुसभुशीत सुकी असते. जुलैतल्या ऐरोलीत ओलं कोकोपीट अंथरून तुम्ही तिला चिखलात उभं केलंय.

नवीन जागेत पहिले दोन-तीन दिवस भिंती चढणं, चारही कोपरे चाचपत गोल फिरणं हे कुठलीही टॅरांटुला करते. तेवढ्याने कोणी काही बदलायचं नसतं. इथे मात्र तीन गोष्टी एकदम आल्यात, म्हणून वाट बघू नका:

एक, ओल. ती वर सांगितली.

दोन, उंची. ३० सेंमी टाकी, ५ सेंमी माती, म्हणजे २५ सेंमी मोकळी उंची. जमिनीवर राहणाऱ्या जड टॅरांटुलाला मातीपासून झाकणापर्यंत तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या एक ते दीडपट जागा पुरते. ११ सेंमीच्या मादीला ११ ते १६. त्यापेक्षा उंचावरून वाटीच्या कडेवर किंवा करवंटीच्या धारेवर पडली तर पोट फुटतं. पोटाची कातडी पातळ असते, आणि आतलं द्रव दाबाखाली असतं. पाय ताठ होतात तेही याच दाबाने, पाय सरळ करणारे स्नायू सगळ्या सांध्यांना नसतात.

तीन, जाळी. पायाच्या टोकाला दोन बारीक आकडे असतात, ते जाळीत अडकतात. उलटी लटकून सोडवायच्या झटापटीत पाय तुटतो, किंवा पाय सुटतो आणि ती खाली येते. क्रमांक दोन आणि तीन एकत्र आले की काय होईल ते बघताय ना?

नेरुळ_नाईटशिफ्ट
मला उलटं वाचल्याचं आठवतंय. टॅरांटुलाला ७०-८०% आर्द्रता लागते, सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा. कोरडं केलं तर कात अडकून मरेल की.

कोळिष्टक
हा सल्ला हीटर लावलेल्या थंड देशांतल्या घरांमधून आलाय. तिथली हिवाळ्यातली हवा ३०% वर उतरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर खोलीतली हवाच ८०-९०% असते, भिंतीला हात लावला तरी ओलावा जाणवतो. त्यात फवारा मारून काय मिळणार?

टॅरांटुलाला चार बुकलंग (श्वास घ्यायचे, पुस्तकाच्या पानांसारखे अवयव) असतात, पोटाच्या खालच्या बाजूला. ओली माती आणि कोंडलेली हवा एकत्र आली की त्रास तिथून सुरू होतो. बुरशी, पांढरे माइट, मातीतल्या बारीक माश्या सगळे या ओलीमुळेच येतात. कात अडकते ती बहुतेकदा आधीच्या काही आठवड्यांत जनावर पुरेसं पाणी प्यायलेलं नसतं म्हणून. वाटी कायम भरलेली असेल तर हॅमोरीला फवाऱ्याची गरज नाही. महिन्यातून दोनदा वाटी काठावरून थोडी सांडवायची, बाजूची तळहाताएवढी माती भिजेल इतकीच. पावसाळ्यात तेही नको.

तो गोल काट्याचा मीटर काढून फेका. ८९ म्हणजे ७५ असेल किंवा ९५. माती बघा, कोळीण कुठे बसते ते बघा. वाटीवरच ठाण मांडून बसली तर कोरडं पडलंय, काचेवर गेली तर ओल झालीये.

खाडीपलीकडे
+१. सगळ्या जातींना मात्र हा नियम लावू नका. थेराफोसा किंवा आशियातल्या बिळातल्या जातींना माती ओलसरच लागते. इथे बोलणं ब्रॅकिपेल्मा, ग्रामोस्टोला या मंडळींबद्दल चाललंय.

ऐरोलीकर_अष्टपद
समजलं. पण मग तिला परत बाहेर काढायची? चार दिवसांत दुसऱ्यांदा?

खाडीपलीकडे
हो, एकदाच. सगळं सामान हाताशी जमल्यावर. दर दोन दिवसांनी एकेक गोष्ट सुधारत बसलात तर तिला दर वेळी नवीन घरच वाटणार. तोवर आज एवढंच करा: जाळीवर खालच्या बाजूने जाड पुठ्ठा दोरीने बांधा, दोन्ही टोकांना चार-चार बोटं हवा सोडून, म्हणजे नखं अडकायला जागाच कमी. करवंटी भिंतीपासून लांब, सपाट बाजू खाली करून ठेवा.

मातीचा हिशोब. टाकीचा तळ ४५×३० म्हणजे १३५० चौ. सेंमी. एक सेंमी थराला १.३५ लिटर. वर १४ सेंमी मोकळे ठेवायचे तर माती १६ सेंमी, म्हणजे दाबून बसवलेली २१-२२ लिटर. आत्ताची ओली ६-७ लिटर जुन्या पंच्यात घालून पिळा, रात्रभर पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरा, तीही वापरता येईल. राहिली १५-१६ लिटर. दाबल्यावर माती पाव हिश्श्याने बसते, म्हणून सुटी २० लिटर धरा: ६५० ग्रॅमच्या कोकोपीटच्या दोन विटा (एक वीट फुलून साधारण ८ लिटर) आणि ५ लिटर साधी लाल माती. नुसतं कोकोपीट सुकलं की बीळ ढासळतं. मातीने पकड येते.

पावसात कोकोपीट सुकत नाही ही खरी अडचण. त्यावर उपाय म्हणजे ते ओलं करायचंच कमी. पाकिटावर एका विटेला साडेतीन-चार लिटर पाणी लिहिलेलं असतं, तुम्ही दोनच लिटर कोमट पाणी घाला, झाकून रात्रभर ठेवा, सकाळी हाताने कुस्करा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हायला हवा, बोटाने टोचल्यावर फुटायला हवा, पाणी अजिबात दिसता कामा नये.

४-४ सेंमीचे थर, प्रत्येक थर मुठीने दाबून. सैल माती म्हणजे ती तळाशी खणत गेली की वरची करवंटी तिच्या अंगावर. करवंटी किंवा काही जड ठेवणार असाल तर ते आधी मातीत अर्धं गाडा, मग भोवती माती भरा. मातीवर नुसतं टेकवू नका. एका बाजूला १८, दुसऱ्या बाजूला १४ असा उतार दिला तर उत्तम. वाटी उताराच्या खालच्या टोकाला.

वजनाचं विसरू नका. काच आणि माती मिळून २० किलोच्या पुढे जाईल. भिंतीत ठोकलेल्या फळीवर ही टाकी जाणार नाही.

करवंटी_आणि_कुंडी
मातीबद्दल. नर्सरीतली तयार 'पॉटिंग मिक्स'ची पिशवी चुकूनही नको. त्यात निंबोळी पेंड असते, गांडूळखत असतं, कधी दाणेदार कीटकनाशक. निंबोळी पेंड झाडांना औषध, पण कोळ्याच्या टाकीत तो धोका नको. सुटी लाल माती मागा, 'काही न मिसळलेली' असं दोनदा सांगून, आणि वास घेऊन बघा. चाळा, लोखंडी कढईत मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं परता (स्वयंपाकाची कढई नको, आणि खिडकी उघडी), गार करा. कोकोपीट घेताना पाकिटावर 'वॉश्ड' किंवा 'लो ईसी' (क्षार कमी) बघा. न धुतलेल्यात मीठ राहतं, कारण काथ्या खाऱ्या पाण्यात कुजवतात.

करवंटी सुकी असेल तर चालते, ओलीत तिसऱ्या आठवड्यात आतून बुरशी धरते. वापरायचीच तर आतलं खोबरं-शेंडी खरवडून दहा मिनिटं उकळा. त्यापेक्षा ६ इंची मातीची कुंडी उभी अर्धी कापून घ्या, धार पॉलिश पेपरने मोडा, आडवी दोन-तृतीयांश गाडा. कॉर्कची साल महाग पडते. आपल्या मातीच्या कुंडीला बुरशी सहसा धरत नाही, आणि जड असली तरी गाडल्यावर हलत नाही.

सुरुवातीचं बीळ करून द्या. ५ सेंमी जाडीच्या पाइपाचा तुकडा कुंडीच्या तोंडातून तिरका, साधारण तीस अंशात, काचेच्या बाजूला खुपसा, पिरगाळून बाहेर काढा. १२-१५ सेंमी खोल पुरे. काचेला लागून केलं की आत काय चाललंय ते दिसतं. त्या काचेवर बाहेरून काळा कागद लावायचा आणि बघायचं तेवढ्यापुरताच उचलायचा.

पक्कड_पाना
झाकण. नेमप्लेट आणि ट्रॉफ्या बनवणारे दुकानदार ॲक्रिलिक लेझरने कापून देतात. ठाणे स्टेशनाजवळ आहेत, वाशीतही आहेत. ५ मिमी जाडी मागा. ३ मिमीचं झाकण आतली बाजू दमट आणि बाहेरची कोरडी राहिली की महिन्याभरात पापडासारखं वाकतं, मग कोपऱ्यात फट. भोकं ३ मिमीची, दोन्ही टोकांना २०-२० च्या दोन ओळी, मध्यभाग बंद. भोक किती मोठं चालेल याचा निकष पाठीची कडक ढाल. ढाल मावली की अख्खी कोळीण मावते, पोट दबून मागून येतं.

तुमच्या टाकीला बाजूने भोकं पाडता येणार नाहीत. काचेला ड्रिल लावत बसू नका, टेम्पर्ड असेल तर एका फटक्यात चुरा. म्हणून झाकणाच्या दोन्ही टोकांना भोकं, एका टोकाने हवा आत, दुसऱ्याने बाहेर. ज्यांचे प्लास्टिकचे डबे आहेत त्यांनी समोरासमोरच्या भिंतींना वेगवेगळ्या उंचीवर भोकं पाडा. सोल्डरिंग आयर्नने पाडलीत तर आतली धार पॉलिश पेपरने घासा आणि डबा दोन दिवस उघडा ठेवा. वितळलेल्या प्लास्टिकचा वास जाईपर्यंत आत काही सोडायचं नाही.

झाकणाला कुलूप किंवा निदान दोन क्लिप. मोठी मादी सैल झाकण आरामात उचलते.

ऐरोलीकर_अष्टपद
माती तयार, झाकण उद्या मिळतंय. काढायची कशी तेवढं सांगा. रविवारी ब्रशने ढकलताना तिने पोटावरचे केस उडवले, मनगट अजून खाजतंय.

कोळिष्टक
आधी मनगट. चोळू नका. चिकटपट्टी लावून उपटा, दोन-तीन वेळा, नव्या पट्टीने. मग थंड पाण्याने धुवा. या केसांना काटे असतात, खाजवलं की आणखी आत जातात. डोळ्यात गेले तर तो प्रकार वेगळा: चोळायचं नाही, पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. 'टॅरांटुलाचे केस' हे शब्द वापरून सांगा, नुसतं 'काहीतरी गेलंय' म्हणालात तर साध्या तपासणीत ते दिसत नाहीत.

आता हलवणं. साहित्य: १ लिटरचा पारदर्शक डबा (मिठाईचा चालेल), त्याच्या तोंडाएवढी जुनी जाड लग्नपत्रिका, मऊ रंगाचा ब्रश, २५-३० सेंमी लांब चिमटा, कपड्यांचा मोठा टब. चष्मा, मास्क, पूर्ण बाह्या, हातमोजे.

जागा बाथरूम. मोरीच्या जाळीवर वीट, कमोडचं झाकण बंद, दाराखालच्या फटीत टॉवेल, एक्झॉस्टच्या भोकाला पुठ्ठा. खोलीत करणार असाल तर छताचा पंखा बंद आणि बटणावर चिकटपट्टी, घरातलं कोणीतरी सवयीने लावतंच. टाकी टबात मावत नसेल तर टबाला खेटून जमिनीवर. तुम्हीही जमिनीवर बसा. सगळं काम जमिनीपासून वीतभर उंचीच्या आत झालं पाहिजे, ओट्यावर नाही.

काचेवर आहे म्हणता, तर सोपं आहे. डबा हळू तिच्यावर काचेला टेकवा, पत्रिका खालच्या कडेपासून वर सरकवा, पाय आत घ्यायला वेळ द्या. पाय दिसेनासे झाले की मगच पूर्ण बंद. जमिनीवर असेल तर डबा समोर आडवा, ब्रशने शेवटच्या पायांना हलकं टोचायचं. पोटाला नाही, पोटाला लावलं की केस उडतात. पुढचे पाय आणि सुळे वर करून उभी राहिली तर ब्रश बाजूला, पाच मिनिटं अंधार करा. तोंडाने फुंकर मारू नका, पळते.

परत सोडताना डबा नव्या मातीवर आडवा, तोंड कुंडीच्या बिळाकडे, आणि हात बाहेर. झाकण डब्याच्या वरून निम्मं सरकवून ठेवा. अर्धा तास लागला तरी हलवायचं नाही. सहसा तिचं ती निघते.

करवंटी_आणि_कुंडी
जुना डबा अजून धुतला नसेल तर त्यातली मूठभर माती आणि जाळ्याचा तुकडा बिळाच्या तोंडाशी टाका. ओळखीचा वास असला की लवकर शिरते.

घणसोली_गच्ची
थोडं अवांतर. कर्ली हेअर जातीच्या टॅरांटुलाचं पिल्लू, दीड सेंमी. ३० मिलिच्या बाटलीतून थेट २ लिटरच्या डब्यात टाकलं तर परत परत हलवायला नको, बरोबर ना?

खाडीपलीकडे
हलवणं वाचेल, खायला सापडणार नाही. दीड सेंमीच्या पिल्लाला ६०-१०० मिलि पुरे, दवाखान्यातल्या नमुन्याच्या डबीसारखी. अर्धी उंची माती, एक बाजू ड्रॉपरने ओलसर, एक बाजू सुकी. पिल्लांच्या अंगात पाणी टिकत नाही, म्हणून वरचा कोरडेपणाचा नियम त्यांना पूर्ण लागू नाही. भोकं गरम सुईने, १ मिमीपेक्षा लहान. खायला झुरळाच्या पिल्लाचा तुकडा किंवा डोकं चिरडलेली मीलवर्म (खाद्याची अळी), २४ तासांत उचलायची. ४ सेंमी झालं की अर्धा लिटर.

येऊरवाटा
थोडं कागदपत्रांचं, कारण इथे कोणी बोलत नाही. ब्रॅकिपेल्माच्या सगळ्या जाती साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये आहेत. कर्ली हेअर पूर्वी ब्रॅकिपेल्मातच होती, आता ट्लिल्टोकॅटल म्हणतात, तीही त्याच परिशिष्टात. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार परिशिष्टातल्या जिवंत प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे नवीन प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. विकणाऱ्याकडून पावती आणि जातीचं शास्त्रीय नाव लेखी घ्या. रेड नीच्या बाबतीत स्मिथी आणि हॅमोरी ही नावं वर्षानुवर्षं अदलाबदल होत होती, ती २०१७ मध्ये सुटी झाली. जुनी पावती असेल तर त्यावर स्मिथी असण्याची शक्यता बरीच.

आणि येऊरला किंवा खारघरच्या डोंगरावर दिसलेली कोळीण घरी आणायची नाही. आपल्या झाडांवरच्या टॅरांटुलाला, म्हणजे पोसिलोथेरियाला, उडवायचे केस नसतात, वेग आणि विष मात्र असतं. तिचं घर झाडाच्या ढोलीत.

नेरुळ_नाईटशिफ्ट
फवाऱ्याचं मागे घेतो. टाकी ठेवायची कुठे तेही सांगा ना कोणीतरी, आमच्याकडे बेडरूम सोडून जागाच नाही.

कोळिष्टक
बेडरूम चालेल, पण मग डास मारायचं लिक्विड मशीन, कॉइल, अगरबत्ती, डांबरगोळ्या, सगळं त्या खोलीतून बाहेर. लिक्विडमधलं औषध पायरेथ्रॉइड गटातलं, कीटकांच्या मज्जातंतूंवर चालतं. कोळी त्यातून सुटत नाही. लक्षणं अशी: पाय झटके देतात, चालताना तोल जातो, एक पाय दुसऱ्यावर चढतो. त्यावर औषध नाही. ताजी हवा आणि पाणी, बस. मच्छरदाणी लावा.

महापालिकेची धुराची गाडी पावसाळ्यात येतेच. आवाज ऐकला की खिडक्या बंद, टाकीवर कोरडी चादर, तासाभराने चादर काढून बाहेर झटका. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल तर एक दिवस आधी टाकी दुसऱ्या घरी आणि परत आणायची ती तीन-चार दिवसांनी, फरशी पुसून झाल्यावर. घरात कुत्रा असेल आणि त्याच्या मानेवर पिसवांचं औषध टाकलं असेल, तर हात साबणाने धुतल्याशिवाय टाकीत घालायचा नाही.

मुंग्या. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर मुंग्या पाण्यावरून चालत जातात. मुंग्यांचा खडू नको, तोही त्याच गटातलं विष. मुंग्या येतात त्या उरलेल्या शिकारीच्या वासाने. खाऊन टाकलेला चोथा दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचलला की निम्मं काम झालं. कात टाकताना आडव्या पडलेल्या टॅरांटुलाला मुंग्यांनी गाठलं तर ती काही करू शकत नाही.

पक्कड_पाना
थरथरीचं राहिलं. वॉशिंग मशीनच्या भिंतीला टाकी नको, सारखं आपटणाऱ्या दाराजवळ नको. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाच्या बाजूला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. टाकीखाली जुन्या योगा मॅटचे दोन थर. गणपतीत ढोल खाली आले की पुढचे दोन दिवस ती बिळातून बाहेर येणार नाही, तेव्हा खायला टाकू नका.

खिडकीतलं ऊन एक तासही नको, काचेची टाकी भट्टी होते. एसीचा झोत सरळ टाकीवर नको. हीटर आपल्या भागात लागतच नाही, जानेवारीतसुद्धा.

ऐरोलीकर_अष्टपद
काल संध्याकाळी झालं. माती १६ सेंमी, कुंडी, ॲक्रिलिक झाकण. डब्यातून वीस मिनिटांनी निघाली, कुंडीच्या तोंडाशी थांबली, मग मागे फिरून काचेवर गेली. परत!

खाडीपलीकडे
जाऊ दे. आता वरून पडली तरी १४ सेंमी आणि खाली माती. आता मोजायचे दिवस.

पहिले तीन दिवस भिंती, कोपरे, झाकण. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रात्री खाली उतरायला लागेल. तळवे सपाट आहेत का बघा. दुसऱ्या आठवड्यात मातीची उलथापालथ, कदाचित तुम्ही केलेलं बीळ सोडून दुसरीकडेच खणेल. काही जणी बिळाचं तोंड मातीने बंद करून आत महिनाभर बसतात. उकरून बघायचं नाही. काचेतून पाय दिसतोय ना, मग झालं.

खाणं: जमिनीवर स्थिर बसलेली सलग तीन संध्याकाळी दिसली की मगच, साधारण ७ ते १० दिवसांनी. एकच शिकार, तिच्या पोटाच्या लांबीपेक्षा लहान, दिवा मालवल्यावर. सकाळी तशीच असेल तर बाहेर, आणि पुढची आठवड्याने. क्रिकेट रात्रभर सोडलं की तेच तिला कुरतडतं. स्वयंपाकघरात पकडलेलं झुरळ कधीच नाही, त्याने काय खाल्लंय ते आपल्याला माहीत नसतं. पोट पाठीच्या ढालीएवढं किंवा थोडं मोठं आहे तोवर दोन महिने उपास केला तरी काळजी नाही. ढालीपेक्षा लहान आणि सुरकुतलेलं दिसलं तर आधी पाणी बघा.

पोटाच्या मागचं टक्कल बघून ठेवा, केस उडवले तो भाग. तो मातकट-गुलाबी आहे की काळा पडत चाललाय? काळा म्हणजे कात जवळ आली. मग खाणं पूर्ण बंद. पाठीवर उताणी पडलेली दिसली तर कात टाकतेय, मेलेली नाही. हात लावू नका, फुंकर नको, फ्लॅश नको. मेलेली किंवा मरणारी टॅरांटुला सहसा सरळच असते, पाय अंगाखाली मुठीसारखे आवळलेले. तसं दिसलं तर उथळ वाटीत पाणी, तोंडाकडचा भाग वाटीच्या कडेवर, पोट कोरडं. कात टाकल्यावर सुळे पांढरे असतात, मग लाल, मग काळे. काळे होईपर्यंत, म्हणजे मोठ्या मादीला दोन आठवडे धरा, खायला काही नाही.

येऊरवाटा
आणि कधी पडून पोटाला चीर गेलीच तर पाण्यासारखा निळसर थेंब दिसतो. कोरड्या ब्रशने कॉर्नफ्लोर, चिमूटभर, त्याच जागी. हळद नको. कोणीतरी हळद म्हणणारच म्हणून आधीच सांगितलं.

ऐरोलीकर_अष्टपद
टक्कल मातकट आहे. आज नववा दिवस. परवापासून रात्री खाली, तळवे सपाट. कुंडीच्या आत डाव्या काचेला लागून खणतेय, पुढच्या पायांत मातीचा गोळा धरून मागे सरकते आणि बाहेर आणून टाकते. अडचण एवढीच की सगळे गोळे पाण्याच्या वाटीत. सकाळी वाटी काठोकाठ मातीने भरलेली, आणि ती माती भोवतालची जमीनही भिजवतेय. वाटी दुसऱ्या कोपऱ्यात हलवू का?

करवंटी_आणि_कुंडी
जागा तीच ठेवा. वाटी उचला, धुवा, परत तिथेच. वाटी थोडी उंच काठाची घ्या, तळाला सपाट दगड म्हणजे उलटणार नाही. पाणी निम्मंच भरा, म्हणजे माती पडली तरी वाटीतलं पाणी बाहेर शोषलं जात नाही. खणणं संपेपर्यंत रोज धुवावी लागेल, आठ-दहा दिवस.

ऐरोलीकर_अष्टपद
ठीक. मग झुरळ आज की उद्या?

खाडीपलीकडे
खणताना नाही. गोळे बाहेर यायचे थांबले आणि संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी दोन पाय दिसले, की त्या रात्री. डुबिया (खाद्यासाठी वाढवलेलं झुरळ), मधल्या आकाराचं, एक.